गोहान : एका भित्र्या मुलाची कुळकथा

वीरकथांमध्यें भित्र्या माणसास जें स्थान मिळतें तें बहुधा हंशापुरतें असतें. विराटपर्वांतला उत्तर आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. अंतःपुरांत बायकांपुढें त्यानें कौरवांना जिंकण्याच्या गोष्टी सांगितल्या, आणि प्रत्यक्ष कौरवसेना दृष्टीस पडतांच रथांतून उडी टाकून नगराची वाट धरली. त्याच्या मागें धांवत जाऊन त्यास केंसांस धरून परत आणणारा सारथि म्हणजे बृहन्नडेच्या वेषांतला अर्जुन. तेव्हां त्या दिवशीं पुरुषवेष पळत होता व स्त्रीवेष त्यास आंवरीत होता. या प्रसंगास आपण पिढ्यान् पिढ्या हंसत आलों आहों. परंतु हाच उत्तर भारतीय युद्धाच्या पहिल्याच दिवशीं हत्तीवर बसून शल्यावर चालून गेला व तेथेंच पडला, हें कितीजणांस आठवतें? पळणारा उत्तर लोकांच्या लक्षांत राहिला, मरणारा उत्तर विसरला गेला. या दोन उत्तरांच्या मधल्या काळांत त्या तरुणाच्या मनांत काय घडलें असेल, हें महाभारतानें सांगितलेलें नाहीं. त्यास सांगावयाच्या इतर गोष्टी पुष्कळ होत्या.

हा मधला काळ सविस्तर सांगणारी एक कथा आमच्या पाहण्यांत आली, ती जपानची; आणि तीहि एखाद्या जाड ग्रंथांत नव्हे, तर मुलांसाठीं काढलेल्या हलत्या चित्रांच्या मालिकेंत. मालिकेचें नांव 'ड्रॅगन बॉल झेड'. जपानच्या फुजी दूरचित्रवाणीवर २६ एप्रिल १९८९ रोजीं ती सुरू झाली व ३१ जानेवारी १९९६ रोजीं संपली. तेवढ्या अवधींत तिचे २९१ भाग झाले. त्यापूर्वीं याच कथेचा पूर्वभाग 'ड्रॅगन बॉल' या नांवानें १५३ भागांत दाखविला गेला होता. मूळ कथा अकिरा तोरियामा या चित्रकाराची. 'शोनेन जंप' या साप्ताहिकांत १९८४ पासून १९९५ पर्यंत ती आठवड्यामागून आठवडे चित्ररूपानें येत गेली. सात गोलक एकत्र केले कीं एक प्रचंड ड्रॅगन प्रकट होऊन मागेल तो वर देतो, या कल्पनेवरून तिला हें नांव पडलें. हा ड्रॅगन पाश्चात्त्य कथांतल्या आग ओकणाऱ्या राक्षसापैकीं नव्हे. पूर्वेकडचा हा लांबलचक, मिशाळ देव आहे, व त्याचें नातें लावावयाचेंच तर तें आपल्या कल्पवृक्षाशीं लावावें लागेल. ज्या वाचकांच्या घरांत दहापासून चाळीसपर्यंत वयाचें कोणी असेल त्यांना अधिक ओळख करून देण्याची आवश्यकता नाहीं. त्यांनीं स्वयंपाकघरापर्यंत जाऊन विचारावें. आम्हांस येथें बोलावयाचें आहे तें एका दुय्यम पात्राविषयीं. नायक गोकू याचा मुलगा गोहान हें तें पात्र होय. परंतु त्याची कथा सांगण्यापूर्वीं त्याचें कूळ शोधणें प्राप्त आहे. आणि तें शोधूं लागलें असतां माणूस सातव्या शतकांत, व मौज अशी कीं आमच्या महाराष्ट्रांतच येऊन पोंचतो.

ह्युएनत्संग हा चिनी भिक्षु इ. स. ६२९ मध्यें, सरकारची मनाई असतांहि, चीनची सरहद्द ओलांडून हिंदुस्थानाकडे निघाला. सरहद्दीपलीकडील वाळवंटांत त्याच्या हातून पाण्याची पखाल निसटली व सारें पाणी वाळूंत गेलें. तेव्हां तो कांहीं कोस मागें फिरला. त्याच्या शिष्यानें लिहिलेल्या चरित्रांत हें माघार घेणें लपविलेलें नाहीं, हें आम्हांस फार मोलाचें वाटतें. मग, हिंदुस्थानांत पोंचेपर्यंत पूर्वेस एक पाऊलहि टाकणार नाहीं, या आपल्या प्रतिज्ञेची त्यास आठवण झाली, आणि त्यानें घोड्याचें तोंड पुन्हां पश्चिमेकडे वळविलें. चार रात्री व पांच दिवस त्यास पाण्याचा थेंब मिळाला नाहीं. पुढें गाओचांगच्या राजानें भक्तीच्या भरांत त्यास कायमचा ठेवून घेण्याचा हट्ट धरला, तेव्हां त्यानें अन्न वर्ज्य करून आपली सुटका करून घेतली. गंगेवर लुटारूंनीं त्यास देवीपुढें बळी देण्याची सिद्धता केली होती, त्यांतूनहि तो वांचला. असा हा माणूस नालंदेंत शीलभद्राच्या चरणांपाशीं शिकला, आणि ६४१ च्या सुमारास दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यांत, म्हणजे महाराष्ट्रांत, आला.

त्यानें केलेलें आमच्या पूर्वजांचें वर्णन आमच्या वक्त्यांना फार आवडतें. हे लोक साधे, प्रामाणिक व मानी आहेत. उपकार करणाराशीं कृतज्ञ व अपकार करणाराशीं निष्ठुर आहेत. सूड घ्यावयाचा तरी शत्रूस आधीं सूचना देतात. शरण आलेल्यास मारीत नाहींत. एवढ्यावर टाळ्या पडतात व वक्ता पुढच्या मुद्द्याकडे वळतो. परंतु ह्युएनत्संग तेथें थांबलेला नाहीं. तो पुढें सांगतो कीं, या देशांत एखादा सेनापति हरून आला तर त्यास दुसरी शिक्षा करीत नाहींत, बायकांचे कपडे देतात. आणि त्या लज्जेनें तो स्वतःच प्राण देतो. तेराशें वर्षांवर लोटलीं, पण ही चाल आमच्यांतून सर्वस्वीं गेली असें म्हणवत नाहीं. भ्यालेल्या मुलास 'हातांत बांगड्या भर' म्हणून सांगणारे बाप आम्हीं पाहिले आहेत, आणि सुशिक्षित घरांत पाहिले आहेत. भीति हा दोष, तिच्यावर औषध लज्जा, आणि लज्जेचें चिन्ह स्त्रीवेष, असा हा जुना हिशेब आहे. हा हिशेब वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण आमचा गोहान नेमका त्याच्या विरुद्ध बाजूस उभा आहे.

ह्युएनत्संग ६४५ मध्यें ६५७ ग्रंथ घेऊन आपल्या राजधानीस परतला. त्याच्यामागें त्याची कीर्ति कथेकऱ्यांच्या तोंडीं गेली, आणि तेथें एक चमत्कार झाला. तेराव्या शतकाच्या सुमारास या यात्रेच्या कथांत एक वानर सोबतीस आलेला दिसतो. आणि १५९२ मध्यें छापल्या गेलेल्या, वू छंगन याच्या नांवावर सामान्यतः मोडणाऱ्या 'पश्चिमेची यात्रा' या शंभर अध्यायांच्या कादंबरींत तर त्या वानरानें, सुन वुकोंगानें, सारी कथाच बळकाविली. वानर जितका पराक्रमी होत गेला तितका भिक्षु भित्रा होत गेला. वाळवंटांतून एकटा चालत गेलेला ऐतिहासिक ह्युएनत्संग या कादंबरींत कोणी राक्षस आला असें ऐकतांच घोड्यावरून खालीं पडतो, भूक लागली कीं रडकुंडीस येतो, व आपल्याच रक्षकाची पारख न होऊन त्यास हांकून देतो. यांत निंदा करण्याचा हेतु नव्हता. कादंबरीकारानें वानरास मनाचें रूपक केलें आहे; चंचल, बलाढ्य, कोठेंहि उडी मारणारें असें मन. तें मन वेगळें काढल्यावर जो यात्रेकरू मागें उरतो तो केवळ एक देह, आणि देह भिणारच. रूपक म्हणून हें सुंदर आहे. पण खऱ्या माणसाच्या अंगीं भीति व प्रतिज्ञा हीं दोन्हीं एकाच घोड्यावर बसलेलीं होतीं, त्यांची येथें फारकत झाली. भीति एकाकडे गेली, शौर्य दुसऱ्याकडे गेलें, आणि चार शतकें तीं तशींच वेगळीं नांदलीं.

जपानांत सुन वुकोंगाच्या नांवाचा उच्चार सोन गोकू असा होतो. तेथें या कथेचीं रूपांतरें पुष्कळ झालीं. ओसामु तेझुका यांनीं १९५० नंतरच्या दशकांत ती चित्रकथेंत आणली, व तिच्या आधारें तोएई कंपनीनें १९६० मध्यें चित्रपट काढला. १९७८ च्या दूरचित्रवाणी-मालिकेंत त्या भित्र्या भिक्षूची भूमिका मासाको नात्सुमे या अभिनेत्रीस देण्यांत आली. भित्र्यास स्त्रीवेष देण्याची बुद्धि एकट्या महाराष्ट्राचीच नव्हे, असें यावरून कोणी म्हणेल. पण त्या अभिनेत्रीनें भिक्षूच्या ठायीं जो शांत करुणभाव आणला त्यानें प्रेक्षकांचें चित्त जिंकलें, हेंहि तितकेंच खरें. तोरियामा यांनीं १९८४ मध्यें आपली कथा आरंभिली ती याच चौकटीवर. शेपटीवाला मुलगा गोकू, लांब होणारी काठी, ढगावरचा प्रवास, सोबतीस एक डुक्कर, हें सारें जुन्या कादंबरीचें. भिक्षूच्या जागीं मात्र त्यांनीं बुल्मा नांवाची एक यंत्रें करणारी हुषार मुलगी घातली, आणि ती कांहीं भित्री म्हणून प्रसिद्ध नाहीं. मग तो भिणारा, वाचणारा, भांडण नको म्हणणारा यात्रेकरू गेला कोठें? आमचें अनुमान असें आहे कीं तो चार वर्षें कथेबाहेर थांबला, आणि १९८८ मध्यें नायकाचा मुलगा होऊन परत आला.

गोहान या शब्दाचा अर्थ शिजविलेला भात. हें नांव गोकूस लहानपणीं वाढविणाऱ्या आजोबांचें. आपल्याकडेहि नातवास आजोबाचें नांव ठेवतात. कथेंत तो प्रथम येतो तेव्हां चार वर्षांचा आहे, बापाच्या खांद्याला बिलगलेला आहे, आणि मोठेपणीं काय होणार असें विचारतां 'मोठा विद्वान होणार' असें उत्तर देतो. हें उत्तर त्याची आई चीची हिनें शिकविलेलें, यांत संशय नाहीं. नवरा जगांतला सर्वश्रेष्ठ मल्ल असून घरांत पैसा नाहीं, तेव्हां मुलानें तालीम सोडून अभ्यास करावा, असा तिचा कटाक्ष आहे. जपानी व पाश्चात्त्य प्रेक्षक तिला कजाग म्हणून हंसतात. मराठी मध्यम वर्गांतल्या कोणाही वाचकास ती परकी वाटणार नाहीं. तिच्या हातांत केवळ शाळेची प्रगतिपुस्तिका द्यावयाची राहिली आहे.

या मुलावर पहिला घाला त्याच्या चुलत्याकडूनच येतो. परग्रहावरून आलेला रादित्झ त्यास उचलून नेतो व यानांत कोंडतो. बाप मार खात असलेला ऐकून तें पोर यान फोडून बाहेर येतें व चुलत्याच्या छातीवर डोक्यानें धडक मारतें; दुसऱ्या क्षणीं त्यास त्याचें कांहीं स्मरण नसतें व तें पुन्हां रडूं लागतें. येथें सामान्य लेखक म्हणाला असता कीं सिंहाचा छावा अखेर सिंहच. तोरियामांनीं तसें केलें नाहीं. शक्ति आहे, पण ती मुलाची नव्हे. ती रागाबरोबर येते व रागाबरोबर जाते, आणि मागें उरलेल्या मुलाचा तिच्याशीं कांहीं संबंध नसतो. बाप त्या लढाईंत मरतो. मग पिकोलो नांवाचा हिरव्या वर्णाचा दैत्य, जो कालपर्यंत बापाचा हाडवैरी होता, या मुलास उचलून रानांत नेतो, आणि सहा महिने एकट्यानें जगून दाखव असें सांगून निघून जातो.

मूळ चित्रकथेंत हे सहा महिने थोड्या पानांत आटोपतात. परंतु साप्ताहिक आणि दूरचित्रवाणी एकाच वेळीं चाललेलीं असल्यामुळें मालिका नेहमीं कथेच्या टांचेवर येऊन ठेपत असे, आणि मालिकाकारांस मधें मजकूर भरावा लागे. या भरीच्या भागांस रसिक लोक नाकें मुरडतात. आमच्या मतें गोहानच्या बाबतींत ही भर सकारण झाली. एका प्रचंड सरड्यास पाहून उंच सुळक्यावर जाऊन रडणारें तें मूल कांहीं महिन्यांनीं त्याच सरड्याच्या शेपटीचा रोज एक तुकडा कापून भाजून खातें, आणि सरडा रोज आंखूड होत जातो. हा विनोद आहे, पण मुलाची वाढ प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढें होते ती अशा विनोदांतूनच. वाढ ही गोष्ट वेळखाऊ आहे. ती सांगण्यास साप्ताहिक मालिकेचा कंटाळवाणा विस्तारच उपयोगी पडतो, हें कादंबरीच्या अभ्यासकांनीं लक्षांत घेण्यासारखें आहे.

वर्षभरानें शत्रु येतात. नाप्पा नांवाचा राक्षसप्राय योद्धा एकामागून एक सोबत्यांना मारीत सुटला आहे. पिकोलो व क्रिलिन यांनीं बेत ठरविला : दोघांनीं त्यास हवेंत गुंतवावयाचें आणि ठरल्या क्षणीं गोहाननें मारा करावयाचा. क्षण येतो, पिकोलो ओरडतो, आणि गोहान पळून जाऊन एका खडकामागें दडतो. आमच्या मतें संपूर्ण मालिकेंत इतका धीट प्रसंग दुसरा नाहीं. धीट म्हणजे लेखकाच्या दृष्टीनें. एक वर्षाचें शिक्षण, सहा महिन्यांचें रान, सरड्याची शेपटी, हें सारें झाल्यावरहि मुलगा पळाला. पिकोलो त्यास रागें भरतो, घरीं चालता हो म्हणतो. उत्तराप्रमाणें त्यास केंसांस धरून कोणी परत आणीत नाहीं. थोड्या वेळानें गोहान स्वतःच परत येतो, मारहि खातो, आणि शेवटीं नाप्पानें त्याच्यावर टाकलेला प्राणघातक झोत पिकोलो आपल्या अंगावर घेतो. मरतांना तो दैत्य सांगतो कीं, आपल्याशीं माणसासारखें बोलणारा हा मुलगा पहिलाच होता.

या ठिकाणीं थोडें थांबलें पाहिजे. वर्षभर आपण असें समजत होतों कीं दैत्य मुलास घडवीत आहे. वस्तुतः रानांतल्या त्या एकांतांत, भीत भीत कां होईना, त्याच्याशीं आदरानें बोलणाऱ्या मुलानें दैत्यास बदललें होतें. भित्र्या माणसास समोरच्याच्या चेहऱ्याकडे लक्षपूर्वक पाहण्याची संवय असते. त्याला ती लावून घ्यावीच लागते. त्या संवयीचें एक टोंक घाबरटपणांत असतें व दुसरें सहानुभूतींत. आमच्या वर्गांत मागच्या बांकावर अशीं मुलें दरवर्षीं येतात. उत्तर येत असून तीं उठत नाहींत, पण शेजाऱ्याची वही कोणत्या पानावर अडली आहे हें त्यांना बरोबर ठाऊक असतें. त्यांस भेकड म्हणून निकालांत काढणें सोपें असतें.

पुढचा टप्पा लवकर येतो. पिकोलोस पुन्हां जिवंत करावयाचें तर नामेक या दूरच्या ग्रहावर जाऊन तेथले ड्रॅगनचे गोलक आणले पाहिजेत. पांच वर्षांचा गोहान आईपुढें उभा राहून आपण जाणार असें ठामपणें सांगतो. चीचीस तो धक्काच बसतो. राक्षसापुढें उभें राहण्यापेक्षां आईपुढें उभें राहणें कित्येकांना अधिक कठिण जातें, हें सांगण्यास इतिहासाचा पुरावा नको. नामेकवर फ्रीझाचे लोक खेडीं उध्वस्त करीत असतां क्रिलिन व तो लपून पाहत असतात. बाहेर पडणें म्हणजे मरण, हें दोघांनाहि कळतें. तरी देन्दे नांवाच्या एका लहान मुलावर हात पडतांच गोहान लपण्याची जागा सोडून धांवतो. नाप्पाच्या वेळीं खडकाआड गेलेला हाच मुलगा आतां खडकाआडून बाहेर आला. फरक इतकाच कीं तेव्हां त्यास 'मार' असें सांगितलें होतें, आणि आतां कोणी कांहीं सांगितलें नव्हतें.

यानंतरची कथा सेल नांवाच्या राक्षसाची. गोकू आपल्या मुलास घेऊन काळाच्या एका कोठडींत जातो, जेथें बाहेरचा एक दिवस म्हणजे आंतलें एक वर्ष. त्या वर्षांत बापाच्या ध्यानांत येतें कीं मुलाची सुप्त शक्ति आपल्याहून मोठी आहे. ही गोष्ट तो कोणास सांगत नाहीं. मुलासहि सांगत नाहीं. सेलशीं कांहीं वेळ लढून तो आपली हार कबूल करतो, गोहानला पुढें करतो, आणि वर शत्रूस ताजातवाना करणारी औषधी शेंगहि देऊन टाकतो, कां तर झुंज बरोबरीची व्हावी म्हणून! ह्युएनत्संगानें वर्णिलेल्या मराठ्यांना हा बाप खचित आवडला असता. शत्रूस सूचना देऊन लढण्याचीच ही जात. परंतु येथें पिकोलो त्यास जें सुनावतो तें आमच्या मतें या सबंध मालिकेंतलें सर्वांत शहाणें बोलणें आहे. त्याच्या म्हणण्याचा आशय असा कीं, या मुलास तुझ्यासारखी लढाईची आवड नाहीं. तो या क्षणीं शक्तीचा विचार करीत नसून, बाबा मला वांचवावयास कां येत नाहींत, याचा विचार करीत असेल. गोहान त्या वेळीं जो झगा घालून उभा आहे तो बापाच्या धाटणीचा नाहीं, पिकोलोच्या धाटणीचा आहे, व तो त्यानें मागून घेतलेला आहे. बापाच्या हें लक्षांत यावयास हवें होतें.

दहाअकरा वर्षांचा मुलगा राक्षसासमोर उभा राहून सांगतो कीं मला लढावयाचें नाहीं, तुझ्यासारख्यासहि मारावयाचें नाहीं. सेल हंसतो, आणि त्याचा राग चेतविण्यासाठीं त्याच्या सोबत्यांना डोळ्यांदेखत छळूं लागतो. तरी मुलगा थांबतो. शेवटीं सोळा क्रमांकाचा यंत्रपुरुष, ज्यास पक्षी व रानें प्रिय होतीं, केवळ तुटलेल्या मस्तकानिशीं त्याच्याशीं बोलतो : न्यायासाठीं लढण्यांत पाप नाहीं, मला जें प्रिय होतें तें तूं राख. सेल तें मस्तक पायाखालीं चिरडतो, आणि गोहानचा बांध फुटतो. हा भाग १९९३ मध्यें जपानांत दाखविला गेला, आणि जगभरच्या प्रेक्षकांस सबंध मालिकेंतला हाच प्रसंग विशेष आठवतो. याचें कारण केवळ चित्रांतली वीज व गर्जना हें नव्हे. येथें तो रागाबरोबर शुद्धीवर राहतो. चार वर्षांचा असतां आलेली शक्ति त्यास आठवत नव्हती. ही त्यास ठाऊक आहे, व तो तिचा धनी आहे.

एखाद्या उपदेशकानें कथा येथें संपविली असती. तोरियामांनीं मात्र या धन्यास लगेच चुकविलें आहे. गोकू ओरडून सांगतो कीं आतांच त्यास संपव. गोहान ऐकत नाहीं, याला आणखी यातना झाल्या पाहिजेत असें म्हणतो. ज्यास मुंगी मारवत नव्हती त्यास सूडाची चव लागली. सेल स्वतःस स्फोटानें उडविण्याच्या बेतानें फुगूं लागतो, आणि पृथ्वी वांचविण्यासाठीं गोकू त्यास दूर नेऊन स्वतः मरतो. सेल त्यांतूनहि परत येतो. गोहान शेवटीं त्यास एका हातानें मारतो, कारण दुसरा हात निकामी झालेला असतो, आणि परलोकांतून बापाचा धीर देणारा आवाज ऐकूं येत असतो. भीति गेली ती जागा रिकामी राहिली नाहीं. तेथें अहंकार शिरला, व त्याची किंमत बापानें दिली. बालवाङ्मयांत इतका कडू हिशेब क्वचित् मांडलेला आढळतो. आणि ज्या आवाजाच्या आधारानें तो उभा राहिला त्या आवाजाविषयीं एक गोष्ट येथेंच सांगून टाकतों : गोकू व गोहान, बाप व लेंक, या दोघांचेहि आवाज मासाको नोझावा या एकाच बाईनीं दिलेले आहेत. १९३६ मध्यें जन्मलेल्या या बाईंनीं त्या प्रसंगांत पृथ्वीवरची गर्जनाहि केली आणि परलोकांतला दिलासाहि दिला. बांगड्या भरलेले हात दुबळे असतात असें मानणारांनीं तो ध्वनि एकवार ऐकावा.

तोरियामांचा विचार असा होता कीं येथून पुढें गोहान हाच नायक व्हावा. सात वर्षांनंतरची कथा त्यांनीं त्याच बेतानें आरंभिलीहि. त्यांत गोहान शाळेंत जातो, हुषार विद्यार्थी म्हणून मिरवतो, आणि कोणी ओळखूं नये म्हणून चित्रविचित्र शिरस्त्राण घालून संकटग्रस्तांस मदत करीत हिंडतो. हा पोशाख इतका हास्यास्पद आहे कीं त्याच्या मैत्रिणीस, व्हिडेल हिला, लाज वाटावी. पण गोहानला तो मनापासून आवडतो. पुढें तोरियामांनीं स्वतःच सांगितलें कीं गोहान त्या जागेस योग्य ठरला नाहीं. गोकूच बरा होता. कथेंत गोकू परत आला, अखेरचा शत्रु त्यानेंच मारला, आणि मुलगा बाजूस झाला. यावर रसिकांत अजून वाद चालतो. कोणी याला लेखकाचा पराभव म्हणतात, कोणी साप्ताहिकाच्या धोरणाकडे बोट दाखवितात. 'शोनेन जंप'चें ब्रीद मैत्री, परिश्रम व विजय असें त्रिविध होतें, आणि १९९५ च्या आरंभीं त्या साप्ताहिकाचा खप ६५ लाख ३० हजारांवर गेला होता. एवढ्या मोठ्या वाचकवर्गास जिंकण्याची भूक असलेला नायक हवा असणें स्वाभाविक होय. आम्हांस हा पराभव वाटत नाहीं. पात्र नीट वाढलें म्हणजे तें लेखकाचेंहि ऐकेनासें होतें. गोहानला शूर करतां आलें. त्याला लढाईची गोडी लावतां आली नाहीं. आणि चार वर्षांच्या वयांत त्यानें सांगितलें होतें त्याप्रमाणें तो मोठेपणीं विद्वान झाला. शर्यत बापाची नव्हे, आईची पुरी झाली. चीचीच्या या विजयाकडे मालिकेच्या टीकाकारांनीं फारसें लक्ष दिलेलें नाहीं.

२०२२ मध्यें तोरियामा यांच्याच लेखणीचा 'सुपर हीरो' नांवाचा चित्रपट निघाला. त्यांत गोहान चष्मा लावून मुंग्यांवर संशोधन करीत बसलेला असतो. आपल्या लहान मुलीस शाळेतून आणण्याचेंहि त्यास भान नसतें, व तें काम पिकोलो करतो. रानांत मूल टाकून निघून गेलेला दैत्य आतां त्या मुलाच्या मुलीस तालीम देतो, शाळेच्या दाराशीं उभा राहतो, आणि प्राध्यापकमहाशयांची कानउघाडणी करतो. (आमच्या व्यवसायबंधूंपैकीं कित्येकांच्या घरीं अशा एका पिकोलोची गरज आहे, असें आम्हांस वाटून गेलें.) पुढें शत्रूपुढें पिकोलो मरणोन्मुख झालेला पाहून गोहान पुन्हां एकदां उसळतो, आणि नव्या राक्षसास मारतो. ज्या अस्त्रानें तो मारतो तें बापाचें प्रसिद्ध कामेहामेहा नव्हे. दोन बोटें कपाळाशीं नेऊन सोडावयाचा तो पिकोलोचा झोत आहे, ज्या झोतानें पिकोलोनें एके काळीं गोकू व रादित्झ या दोघांना एकदमच भेदलें होतें. तें अस्त्र गोहाननें गुपचूप शिकून ठेवलें होतें. लढाई संपल्यावर तो चष्मा शोधूं लागतो कीं नाहीं हें चित्रपटांत दाखविलेलें नाहीं. तोरियामा १ मार्च २०२४ रोजीं वारले.